विघ्नसंतोषी कोणास म्हणावे?

भांडण लावणाऱ्या माणसासाठी मराठी भाषेत शब्दांचा कधी तोटा पडलेला नाही. कळीचा नारद, काडी लावणारा, आगलाव्या, खोडसाळ आणि या सर्वांहून नेमका असा ‘विघ्नसंतोषी’. दुसऱ्याच्या कामात विघ्न आले म्हणजे ज्याला संतोष होतो तो. या यादीत अलीकडे ‘ट्रोल’ हा परका शब्द येऊन बसला आहे, व तो इतका रुळला आहे की आमच्या वर्गात कोणी दोनदा शंका विचारली तरी मागच्या बाकावरून तोच शब्द ऐकू येतो.

हा शब्द मुळात मासेमारीतला आहे. चालत्या नावेमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा आणि कोणता मासा लागतो ते पाहायचे, याला इंग्रजीत ते नाव आहे. १९९० च्या सुमारास संगणकाच्या जाळ्यावर चर्चा करणाऱ्या मंडळींनी तो उचलला. मुद्दाम भोळा किंवा चुकीचा प्रश्न टाकायचा आणि रागावून कोण धावून येतो याची गंमत पाहत बसायचे. नॉर्वे-स्वीडनकडील लोककथांतल्या राक्षसाचे नावही उच्चाराने तेच असल्यामुळे पुढे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले. माझ्या एका कन्नड मित्राने सांगितले की त्यांच्या भाषेत गळाला ‘गाळ’ म्हणतात. मराठीत गाळ म्हणजे तळाशी साचलेला चिखल. तोही अर्थ येथे अगदीच गैरलागू नाही!

आता व्याख्येकडे वळू. जो माणूस उत्तर मिळावे म्हणून नव्हे, तर इतरांचा संताप व्हावा आणि चर्चा रुळावरून घसरावी म्हणून बोलतो, तो विघ्नसंतोषी. ही व्याख्या सर्वांना एकदम पटते. पण बारकाईने पाहिल्यास ती बोलण्याची व्याख्या नसून बोलणाऱ्याच्या मनाची व्याख्या आहे, हे ध्यानात येईल. तोच प्रश्न, तेच शब्द. एकाने विचारला तर जिज्ञासा आणि दुसऱ्याने विचारला तर कळ! मनात शिरून पाहण्याचे यंत्र तर अद्याप निघालेले नाही. मग नियम करणाऱ्याने करावे काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय मला सुचण्यास एक खाजगी कारण घडले, तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी आमच्या अभ्यास मंडळाची सहल गेली होती. माणशी ३५० रुपये वर्गणी आणि ६२ विद्यार्थी, म्हणजे जमा २१,७०० रुपये. सभेत चिटणिसांनी हिशोब वाचला, त्यात खर्च २१,२४० रुपये निघाला आणि शेवटी ‘शिल्लक नाही’ असे वाक्य आले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या कानाला असे वाक्य खुपावे, यात त्याचा दोष नसावा. मी उठून ४६० रुपयांचे काय झाले असे विचारले. सभा कन्नडमध्ये चालली होती, पण माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. ‘शिल्लक’ हा शब्द आधी तोंडात आला आणि त्यामागून सबंध प्रश्नच मराठीत बाहेर पडला. झाले! एकजण म्हणाला, हा भाषेची काडी लावायला उठला आहे. हिशोब बाजूला राहिला आणि आमच्या भागात जी चर्चा कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते ती सुरू झाली. रात्री मी तोच प्रश्न वर्गाच्या मोबाइलवरील गटात, या वेळी कन्नडमध्ये, टाकला. थोड्या वेळाने मला गटातून काढल्याचे कळले. पुढच्या सभेला बाहेरगावचे पाहुणे आले होते. तेथे मी तिसऱ्यांदा विचारले. त्या सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : ‘एका सभासदाने विघ्न आणण्याच्या हेतूने असंबद्ध प्रश्न विचारला.’

पैसे कोणी खाल्ले नव्हते. बसच्या चालकाला भत्ता दिला होता व त्याची पावती नव्हती, इतकेच. हे मला महिन्याभराने समजले.

तो ‘हेतू’ शब्द मात्र मनात सलत राहिला. कंपनी कायद्याचा अभ्यास करताना सभेच्या कामकाजावरचे प्रकरण मी त्यामुळे जरा अधिकच मन लावून वाचले. कोल्हापूरच्या चुलत भावाकडून ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयाचे त्याचे जुने पाठ्यपुस्तकही मागवून घेतले. ठराव, अनुमोदन, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, तहकुबी, चर्चाबंदी. हे सारे परीक्षेपुरते पाठ करण्याचे प्रकार आहेत असे मी समजत होतो. वस्तुतः हे सर्व नियम विघ्नसंतोषी माणसाच्या अनुभवातूनच जन्मले आहेत. अमेरिकन सैन्यातील अभियंता हेन्री रॉबर्ट याला १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी एका सभेचे अध्यक्षपद अचानक स्वीकारावे लागले. सभा त्याच्या हाताबाहेर गेली आणि त्याची फजिती झाली. तेव्हापासून त्याने सभाशास्त्राचा ध्यास घेतला व १८७६ साली नियमांचे पुस्तक छापले. ते आजही तिकडे प्रमाण मानतात. त्यात वेळकाढू सूचना फेटाळण्याचा अधिकार अध्यक्षाला आहे खरा. पण सभासदाने प्रस्तावावर बोलावे, प्रस्ताव आणणाऱ्या माणसाच्या हेतूवर बोलू नये, असा दंडकही आहे. आपल्या लोकसभेच्या नियमावलीतील नियम ३५२ पाहा. दुसऱ्या सदस्याच्या हेतूविषयी आरोप करणे अथवा त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणे, चर्चेला अत्यावश्यक असल्याखेरीज, वर्ज्य आहे. म्हणजे मुरलेल्या सभागृहांनी हेतूचा उच्चार करण्यावरच बंदी घातली, आणि आपण नव्याने गट आणि मंडळे काढणारे लोक पहिला नियम हेतूवरच बेततो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

त्यांना हे शहाणपण फुकट मिळाले नाही. ब्रिटिश पार्लमेंटात १८७५ पासून जो प्रकार घडला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. आयर्लंडला स्वराज्य हवे होते आणि त्याची दाद लागत नव्हती. तेव्हा जोसेफ बिगर आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या दोन आयरिश सदस्यांनी एक युक्ती काढली. नियम मोडायचा नाही. तो इतका पाळायचा की सभागृह जेरीस यावे. बिगर सरकारी अहवाल हाती घेऊन तास न् तास वाचत बसे. सभागृहात परके लोक आहेत असे एखाद्या सदस्याने नुसते म्हटले की प्रेक्षकांनी बाहेर जावे, असा तेव्हा नियम होता. १८७५ च्या एप्रिलमध्ये बिगरने नेमके ते शब्द उच्चारले, तेव्हा सज्जात प्रत्यक्ष युवराज बसले होते. युवराजांना उठून जावे लागले! नियमाप्रमाणे बिगरचे काहीच चुकले नव्हते. सभागृहाने लवकरच नियम बदलला.

पण खरा पेच पडला तो २५ जुलै १८७७ रोजी. दक्षिण आफ्रिकेसंबंधीचे एक विधेयक चर्चेस होते व आयरिश सदस्य कलमाकलमाला अडवीत होते. बोलण्याच्या ओघात पार्नेल म्हणून गेला की या विधेयकाबाबत सरकारचे मनसुबे उधळून लावण्यात मला विशेष समाधान वाटते. सापडला चोर! सभागृहाचे नेते सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी ताबडतोब ते शब्द टिपून घेण्याची मागणी केली आणि पार्नेलला निलंबित करण्याची सूचना मांडली. गुन्हेगाराने आपल्या तोंडाने हेतू कबूल केला होता. आणखी पुरावा तो कोणता हवा? पार्नेल शांतपणे उठून सज्जात जाऊन बसला आणि वरून आपल्यावरील चर्चा ऐकू लागला. मग खाली हळूहळू उलगडा होऊ लागला. सरकारचे मनसुबे उधळणे हा अपराध कसा? विरोधी पक्षाचे तर तेच काम! सभागृहाच्या कामात अडथळा आणण्याविषयी तो काहीच बोललेला नव्हता. सूचना लांबणीवर पडली, पार्नेल खाली आला आणि जेथे भाषण तुटले होते तेथूनच पुढे बोलू लागला.

विघ्नसंतोषाची इतकी स्वच्छ कबुली कोणत्याही अध्यक्षाला क्वचितच मिळेल. ती मिळूनही हेतूवर उभारलेला खटला टिकला नाही, कारण हेतू कळला तरी त्यातून वर्तनाचा दोष सिद्ध होत नाही. मनात वाईट असूनही माणूस रीतसर बोलू शकतो. उलट मन गंगेसारखे निर्मळ असूनही एखादा सभासद पाऊण तास तेच तेच बोलून सभेचा जीव घेऊ शकतो. (अशांची उदाहरणे देण्याचा मोह मी आवरतो.)

नॉर्थकोटने दोनच दिवसांत पवित्रा बदलला आणि नियम सुधारण्याचा मार्ग धरला. तरीही ३१ जुलै रोजी सुरू झालेली बैठक सलग २६ तास चालली. २८ फेब्रुवारी १८८० रोजी निलंबनाचा स्थायी नियम झाला. सभागृहाचे काम जो ‘वारंवार आणि जाणूनबुजून’ अडवील, त्याचे नाव अध्यक्षाने पुकारावे आणि सभागृहाने मत घेऊन त्याला निलंबित करावे. पुढे १८८१ साली ४१ तासांची बैठक झाली. २ फेब्रुवारीच्या सकाळी अध्यक्ष हेन्री ब्रँड यांनी नियमात आधार नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा बंद केली. दुसऱ्या दिवशी ३६ आयरिश सदस्य निलंबित झाले. १८८२ मध्ये चर्चाबंदीचा नियम लेखी आला. आपण परीक्षेत दोन गुणांसाठी जिची व्याख्या लिहितो, ती हीच चर्चाबंदी.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. याच उपद्रवी मंडळींनी १८७९ साली सैन्यविषयक विधेयकावर फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध रात्र रात्र किल्ला लढविला. काही इंग्रज सदस्य त्यांना येऊन मिळाले. फटक्यांची कमाल संख्या २५ वर आली आणि १८८१ मध्ये सैन्यातून ती शिक्षाच गेली. त्यांना पहिल्याच दिवशी बाहेर काढले असते तर सभागृहाला स्वस्थता लाभली असती. फटके खाणाऱ्या शिपायांना ती कितपत लाभली असती, याची शंका आहे.

१८८० चे ते ‘वारंवार आणि जाणूनबुजून’ हे शब्द आपल्या लोकसभेच्या नियम ३७४ मध्ये जवळपास तसेच उतरले आहेत. ‘जाणूनबुजून’ या शब्दात हेतू मागच्या दाराने आत आला, असे कोणी म्हणेल. पण त्याच्या आधी ‘वारंवार’ आहे, आणि ते मोजता येते. शिवाय अप्रस्तुत बोलणे व पुनरुक्ती यांसाठी नियम ३५६ आहे. त्यात आधी सभागृहाचे लक्ष वेधायचे आणि मग भाषण थांबवायला सांगायचे, असा क्रम आहे. बेशिस्त वर्तनाबद्दल नियम ३७३ प्रमाणे त्या दिवसापुरते बाहेर जावे लागते. पायरी पायरीने चढणारी ही रचना मला फार आवडली. डिसेंबर २००१ मध्ये ३७४-क हा नियम आला व त्याने अध्यक्षांच्या आसनासमोर धावून येणाऱ्यांसाठी या पायऱ्या बऱ्याच कमी केल्या. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहे मिळून विरोधी पक्षांचे १४६ सदस्य निलंबित झाले. त्या प्रसंगी कोणाचे बरोबर होते हा या लेखाचा विषय नाही. पण एवढ्या संख्येला नियम लागू पडतो तेव्हा तो विघ्नकर्त्यासाठी उरला की विरोधकासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या इतिहासातला दाखला द्यायचा तर सुरतेचा द्यावा लागेल. १९०७ च्या डिसेंबरातील काँग्रेस अधिवेशन उधळले, जोडा फेकला गेला, जहाल व मवाळ वेगळे झाले, एवढे आपण शाळेत वाचतो. सभेच्या नियमांच्या दृष्टीने तो प्रसंग कोणी शिकवीत नाही. २६ तारखेला गोंधळामुळे बैठक तहकूब झाली होती. २७ तारखेला बैठक सुरू होण्याच्या सुमारास लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठविली, की अध्यक्षांच्या निवडीच्या ठरावाला अनुमोदन मिळाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे, तरी बोलू द्यावे. उत्तर आले नाही. डॉ. रासबिहारी घोष अध्यक्ष म्हणून भाषणाला उभे राहिले तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले आणि आपला हक्क मागू लागले. मालवी व घोष यांनी ते नियमबाह्य ठरविले. निवड अजून पुरी झालेली नाही, असे टिळकांचे म्हणणे. ते हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. तेवढ्यात मंडपातून मराठी पद्धतीचा एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या आणि काठ्या.

त्या दिवशी विघ्नसंतोषी कोण होता? मवाळांना विचारले असते तर त्यांनी टिळकांकडे बोट दाखविले असते. टिळकांच्या अनुयायांनी चिठ्ठी दाबून ठेवणाऱ्यांकडे दाखविले असते. हेतू शोधू लागलो तर आज शंभरावर वर्षांनीही निकाल लागणार नाही. पण वर्तनाचे प्रश्न विचारले तर उत्तरे सोपी आहेत. आगाऊ लेखी सूचना दिली होती काय? होय. तिला उत्तर मिळाले काय? नाही. जोडा फेकणे नियमात बसते काय? मुळीच नाही, फेकणारा कोणत्याही पक्षाचा असो. माझा ओढा कोणीकडे आहे हे वाचकांना दिसतेच आहे. तरी अध्यक्षाने एकदा नकार दिल्यानंतर व्यासपीठावर उभे राहणे हेही सभाशास्त्रात बसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

हाच घोळ कायद्याच्या पुस्तकात शिरला की काय होते, ते अगदी अलीकडे आपण पाहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ घालण्यात आले. संगणक वा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणे, अथवा त्रास किंवा गैरसोय व्हावी या उद्देशाने काही पाठविणे, याला तीन वर्षांपर्यंत कैद. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने प्रश्न करणारे चार शब्द लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्यातील विवेचन आमच्यासारख्या नियम करू पाहणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. ‘त्रास’, ‘गैरसोय’ हे शब्द इतके सैल आहेत की एकाला ज्याचा त्रास होतो त्याचा दुसऱ्याला होत नाही; मग लिहिणाऱ्याने सीमा ओळखावी कशी आणि पोलिसाने तरी कशी? न्यायालयाने चर्चा, मतप्रचार आणि चिथावणी असे तीन भाग पाडले. पहिले दोन कितीही अप्रिय असले तरी मोकळे. तिसऱ्यापाशी कायद्याने हात घालावा.

याचा अर्थ वाटेल ते बोलू द्यावे असा कोणी काढील, तर तो चुकेल. जिवे मारण्याची धमकी, मुलींचा पिच्छा पुरविणे, बदनामी यांना विघ्नसंतोष म्हणणे म्हणजे दरोड्याला खोडी म्हणण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी फौजदारी कायदा आहे आणि त्यात अभ्यास मंडळाच्या अध्यक्षाने पंच होण्याचे कारण नाही. तसेच, गळ टाकणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे हा आपल्या आज्यांचा उपाय पुष्कळदा पुरतो, हेही खरे. पण ज्याच्यावर गळ टाकला जातो त्यानेच दर वेळी गप्प बसावे, हा न्याय नव्हे.

आता पुन्हा आमच्या इतिवृत्ताकडे येतो. कंपनी कायदा २०१३, कलम ११८ प्रमाणे बदनामीकारक, असंबद्ध अथवा कंपनीच्या हिताला बाधक असा मजकूर इतिवृत्तातून वगळण्याचा अधिकार सभेच्या अध्यक्षाला आहे. वगळण्याचा! एखाद्या सभासदाच्या मनात काय होते ते लिहून ठेवण्याचा नव्हे. माझा प्रश्न असंबद्ध वाटला असेल तर तो गाळावयाचा होता. ‘हेतू’ लिहिण्याचे कारण नव्हते.

आणि हेतूविषयी खरे सांगायचे तर पहिल्या वेळी मला हिशोबच हवा होता. दुसऱ्या वेळी हिशोब हवा होता आणि थोडा रागही होता. तिसऱ्या वेळी पाहुण्यांसमोर विचारताना चिटणिसांच्या कपाळावरचा घाम पाहून मला बरे वाटले, हे मी नाकारू शकत नाही. म्हणजे तिसऱ्या खेपेला इतिवृत्त निम्मे खरे होते. पण ते लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. मलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगले. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे शब्द सारखेच होते. शब्दांवरून कोणालाही फरक करता आला नसता. वारंवारतेवरून मात्र करता आला असता. लेखी उत्तर देऊन ‘हा विषय संपला’ असे अध्यक्षांनी जाहीर केले असते, तर तिसऱ्या प्रश्नाला मला तोंड उरले नसते.

यंदा मंडळाची नियमावली नव्याने होत आहे आणि योगायोगाने मसुदा समितीत माझे नाव आहे. मसुद्यातील सातवा नियम असा : ‘चर्चेत विघ्न आणण्याच्या हेतूने बोलणाऱ्या सभासदास अध्यक्ष मंडळातून काढून टाकू शकतील.’ त्यावर मी उपसूचना दिली आहे. तिच्यात ‘हेतू’ हा शब्द नाही. एका विषयावर उत्तर मिळाल्यानंतरही तोच प्रश्न त्याच सभेत पुन्हा विचारणे, विषय सोडून व्यक्तीवर बोलणे, दुसऱ्याची पाळी असताना मध्ये बोलणे, एवढी तीन वर्तने नावानिशी लिहिली आहेत. प्रथम समज, मग त्या सभेपुरते मौन, आणि त्यानंतरच, तेही सभेचे मत घेऊन, ठराविक मुदतीचे निलंबन. काढलेल्याला कारण लेखी मिळावे. सभासदाने मराठी, कन्नड वा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत बोलणे हे विघ्न समजू नये, असे शेवटचे वाक्य आहे. यावर समितीत एकमत झालेले नाही. भाषेचा उल्लेख करून मीच पुन्हा काडी लावतो आहे, असे एका सदस्याचे मत पडले.

उपसूचनेचे कन्नड भाषांतर गळाचा अर्थ सांगणाऱ्या त्याच मित्राने केले आहे. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. सुरतेची चिठ्ठी आठवून मी दोन्ही प्रती अध्यक्षांच्या हाती दिल्या आणि पोच म्हणून त्यांची तारखेसह सही घेतली आहे.